रक्ताचा एक थेंब

आठवडाभरापासून पोरगं तांब्या तोंडाला लावून पाणी पितंय. रात्री तीन-तीनदा लघवीला उठतंय, कधी अंथरूण ओलं करतंय. घरचे म्हणतात, उन्हाळा आहे. मग ओकाऱ्या होतात, पोट दुखतं, दवाखान्यात ‘पोट बिघडलंय’ म्हणून औषध मिळतं. दुसऱ्या दिवशी धाप लागते, तेव्हा ‘छाती भरलीय’.

टाइप १ मधुमेह अनेकदा असाच सुरू होतो आणि असाच नजरेतून सुटतो. इन्सुलिन नसल्याने शरीराला साखर वापरता येत नाही. मग चरबी जळू लागते आणि कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. हाच कीटोअ‍ॅसिडोसिस. वेळेत इन्सुलिन आणि सलाईन मिळालं नाही तर मूल बेशुद्ध होतं, दगावूही शकतं. आम्ल कमी करायला शरीर खोल, जोरात श्वास घेतं. जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी हा श्वास १८७४ साली नोंदवून ठेवलाय. स्टेथोस्कोप लावला तर छाती बहुधा स्वच्छ असते. दुसरी खूण आईच्या लक्षात येण्यासारखी आहे: जुलाबांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते, हे मूल मात्र जीभ कोरडी पडली तरी भरपूर लघवी करतं.

इटलीतल्या पार्मा प्रांताने १९९१ पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत भित्तिपत्रकं लावली. मूल फार पाणी पितंय का, पुन्हा अंथरूण ओलं करतंय का, एवढंच त्यांवर विचारलं होतं. डॉक्टरांना ग्लुकोमीटर दिले. आधी नव्याने निदान झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं कीटोअ‍ॅसिडोसिस होऊनच दाखल व्हायची. नंतर ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे निदान चुकलं की पालक विचारतात, दावा लावता येईल का? पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने हेही बजावलं की नुसतं निदान चुकणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली होती का, ते पाहायचं. हा न्याय योग्यच आहे. दुर्मिळ आजार एखाद्याला ओळखता येत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण तहान, लघवी आणि धाप समोर असताना साखर तपासलीच नाही, तर त्याला सबब कोणती? बोटाला बारीक सुई, पट्टीवर एक थेंब, काही सेकंदांत आकडा. कधी साखर इतकी चढलेली असते की यंत्र आकड्याऐवजी नुसतं ‘हाय’ दाखवतं.

ग्राहक कायद्याखाली तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, म्हणून मागणी लेखी करा आणि केसपेपर, रिपोर्ट जपून ठेवा. पण त्याआधी, या खुणा दिसताच, ‘डॉक्टर, बोटातून साखर बघा’ असं स्पष्ट सांगा. आकडा २०० च्या वर गेला तर त्याच दिवशी मुलाला मोठ्या रुग्णालयात न्या.