मीटर कुलपात, निरोप भलतीकडे

आमच्या मोठ्या दिरांचं घर लांज्याहून भांबेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आहे. भावोजी ठाण्याला असतात. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घराला कुलूप. किल्ली माझ्याकडे, कारण मी लांज्यातच राहते आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसाला दुसरं काही काम नसतं, असा आमच्या घरातल्या सगळ्यांचा ठाम समज आहे. त्या बंद घराला एका मे महिन्यात साडेनऊशेच्या आसपास युनिटांचं वीजबिल आलं.

भावोजींचं पहिलं वाक्य, "मीटर फास्ट पळतोय." वाडीतही तोच निकाल लागला. बिल वाढलं की आपल्याकडे मीटरला आरोपी करायचं आणि मोकळं व्हायचं. मीटर तपासून घ्यायला हरकत काहीच नाही, त्यासाठी रीतसर अर्ज करता येतो, शुल्क भरावं लागतं. पण त्याआधी एक तपासणी घरच्या घरी होते आणि तिला पैसा लागत नाही.

वायरिंगची कामं करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला बोलावलं. त्याने घरातले सगळे एमसीबी खाली पाडले आणि मला मीटरसमोर उभं केलं. "बाई, तो लाल दिवा बघा." मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, तो लुकलुकतो. शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकाटांना एक युनिट. त्या मीटरवर ३२०० होतं. सगळे एमसीबी पडलेले असताना दिवा गप्प राहिला, म्हणजे मीटर आपणहून पळत नव्हता. मग तो एकेक एमसीबी वर करत गेला. फ्रिज बंद, पंखे बंद. कॅमेऱ्याचा एमसीबी वर केला तेव्हा दिवा बऱ्याच वेळाने एकदा लुकलुकला. विहिरीवरच्या मोटारीचा एमसीबी वर केला आणि थोड्या वेळाने, कोणी बटण न दाबता, दिवा सेकंदाला जवळजवळ एकदा लुकलुकायला लागला. तासाला ३२०० म्हणजे एक युनिट, आणि सेकंदाला एक म्हटलं तर तासाला ३६००. हिशेब तोंडीच झाला.

विहिरीत सबमर्सिबल सोडलेली आणि टाकीत पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर. पातळी उतरली की मोटार आपोआप चालू. टाकीत येणारा पाइप खालच्या बाजूने जोडलेला, आणि त्यावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कामातून गेलेला. त्यामुळे वर चढवलेलं पाणी त्याच पाइपातून गुपचूप परत विहिरीत उतरत होतं. कुठे ओल नाही, कुठे गळणारा नळ नाही, शेजाऱ्याला दिसावं असं काहीच नाही. मोटार पाणी वर चढवायची, पाणी खाली उतरायचं, पुन्हा मोटार. दिवसाला चारेक तास तरी हा खेळ चालत असणार. मेन स्विच बंद करता आला नव्हता, कारण पडवीतल्या कॅमेऱ्याला वीज हवी. घराची राखण करणारा कॅमेरा, आणि त्याच्या नाकासमोर महिन्याला शंभरावर युनिटांची चोरी, तीही घरच्याच मोटारीची!

पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. आठ महिने हे कोणालाच कसं कळलं नाही?

मीटर ग्रिल लावलेल्या पडवीत. रीडिंग घेणारा यायचा, कुलूप बघून जायचा. मग सरासरीचं बिल निघायचं, पूर्वीच्या वापरावरून, तीसेक युनिटांचं. भावोजी ते ठाण्यातून ऑनलाइन भरायचे. रक्कम किरकोळ, त्यामुळे बिल उघडून बघायचं कारणच पडलं नाही. उघडलं असतं तर चालू रीडिंगच्या जागी कुलपाचा शेरा दिसला असता. बिलावर 'लॉक' किंवा 'इनअॅक्सेस' असलं काही दिसलं की समजा, हे बिल अंदाजाचं आहे आणि खरा आकडा कुठेतरी साठतो आहे.

वीज कंपनीच्या तालुक्याच्या कार्यालयात गेले तेव्हा खिडकीतल्या मुलाने संगणकात बघून विचारलं, "हा मोबाइल नंबर कोणाचा?" आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. जोडणी घेताना कागदपत्रांची धावपळ ज्या ठेकेदाराने केली होती, त्याने अर्जावर स्वतःचा नंबर टाकला होता. तो आता आखातात, आणि ते सिम केव्हाच बंद. म्हणजे रीडिंग घेता आलं नाही, तुम्ही स्वतः पाठवा, बिल तयार झालं, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहील, हे सगळे निरोप इतके दिवस हवेत जात होते.

वीज कंपनीचं आणि ग्राहकाचं बोलणं पूर्वी वेगळं असायचं. भारनियमनाच्या दिवसांत संवाद म्हणजे वर्तमानपत्रातलं वेळापत्रक. अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळी मोटारी, गिरण्या बंद ठेवायच्या आणि बदल्यात दिव्यापुरती वीज मिळवायची, असा करार होता. त्यात निदान गाव एकत्र बसायचा. २००५ साली राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, त्याच सुमाराची ही गोष्ट. आता सगळं बोलणं दहा आकडी मोबाइल नंबरावर आलं आहे. तो चुकला की तुम्ही कंपनीच्या लेखी बहिरे.

म्हणून पहिलं काम हे करा. बिल काढा आणि नोंदलेला नंबर कोणाचा आहे ते बघा. घर वडिलांच्या नावावर, नंबर जावयाचा, आणि जावई बोलत नाही, असली प्रकरणं आमच्या तालुक्यात कमी नाहीत. नंबर नोंदवायला एम-आर-ई-जी ही चार इंग्रजी अक्षरं, जागा सोडून १२ आकडी ग्राहक क्रमांक, एवढा एसएमएस ९९३०३९९३०३ वर पाठवायचा. जुना नंबर हटत नसेल तर कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कागदी बिल बंद केलं तर बिलात थोडी सूट मिळते. चांगली योजना आहे, पण नंबर आणि ई-मेल आपलाच आहे याची खात्री झाल्याशिवाय ती घेऊ नका. नाहीतर उरलासुरला कागदही हातचा जाईल.

दुसरं, रीडिंग. महावितरणच्या मोबाइल अॅपवर मीटरचा फोटो आणि आकडा आपण पाठवू शकतो, ठरलेल्या मुदतीत. मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, भार असे आकडे एकामागून एक फिरतात. ज्याच्यापुढे केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं तोच आपला. बंद घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने महिन्यातून एकदा एवढं केलं तरी पुरे. शक्य असेल तर मीटर ग्रिलच्या बाहेर, रस्त्यावरून वाचता येईल असा घ्यायला अर्ज करावा. भावोजींनी तो केला.

बिलाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण इथे पुष्कळजण घाबरून गप्प भरून टाकतात. साठलेले युनिट एकाच महिन्यात वापरले असं धरलं तर फार महाग पडतं. घरगुती दर टप्प्यांचे आहेत, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्यातला युनिट पहिल्याच्या जवळपास दुप्पट महाग, पुढे आणखी चढा. म्हणून खरं रीडिंग मिळाल्यावर युनिट जितक्या महिन्यांचे तितक्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ द्यायचा आणि आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा करायची, अशी पद्धत आहे. २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग थांबलं आणि जूनमध्ये थोरली बिलं आली, तेव्हा राज्यभर आरडाओरडा झाला, त्यामागे हेच गणित होतं. आमच्या बिलात वाटणी झालेली होती. तुमच्यात आहे का, हे कागद पुढे ठेवून शांतपणे विचारा. समाधान झालं नाही तर कोकण परिमंडलासाठी रत्नागिरीत ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. भांडायची पायरी मात्र ही नंतरची.

आता नव्या टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या मीटरची चर्चा सगळीकडे आहे. ज्यांच्याकडे तो आहे अशा घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत महावितरणने जाहीर केली. दिवसा सौरवीज मुबलक असते, ती वापरली जावी, हा त्यामागचा हेतू. ठाण्यातल्या भावोजींना याचा उपयोग बेताचा, कारण दिवसभर घर रिकामं. आमच्या खेड्यात उलट. आंघोळीचं पाणी अजून पुष्कळ घरी चुलीवर तापतं, आणि वीज खाणारी मोटार दुपारी चालवली काय नि रात्री, कोणाचं काही अडत नाही. तेव्हा मोटार, इस्त्री, मिक्सरची कामं दिवसा उरका. शिवाय या मीटरचं रीडिंग आपोआप जातं, कुलपाचा प्रश्न मिटतो, निदान जिथे रेंज आहे तिथे. आमच्या खोऱ्यांत रेंज हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या मीटरांविषयी लोकांच्या मनात संशय आहे, तो नुसत्या जाहिरातींनी जायचा नाही. जुना आणि नवा मीटर काही दिवस शेजारी शेजारी चालवून दाखवा, लोक आपसूक मानतील. आणि सवलतीचा हिशेब मांडण्याआधी फुकट जाणारे युनिट थांबवा. भावोजींच्या मोटारीने दुपारी पाणी चढवून विहिरीत सोडलं असतं तर सवलतीतच वाया गेलं असतं, एवढाच फरक.

फुकटचा वापर थांबवायचा तर आधी तो किती, हे कळायला हवं. अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या वीज कंपनीने २००८ पासून ग्राहकांना घरी पत्रं पाठवली, तुमचा वापर शेजाऱ्यांच्या तुलनेत किती आहे ते सांगणारी. वापर सुमारे २ टक्क्यांनी उतरला. आमच्या वाडीत शेजाऱ्याचं बिल कळवण्याची सोय झाली तर वीज वाचेल की नाही देव जाणे, गणपतीत आरतीला एकत्र उभं राहणं कठीण होईल. आपण आपल्याच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तेवढा पुरतो.

शेवटचं जरा गंभीरपणे सांगते. खरा निरोप बंद सिमवर जात होता त्याच काळात, माझ्या सासूबाईंच्या फोनवर मात्र एक निरोप बिनचूक पोचला. मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर अधिकाऱ्यांना फोन करा. असे संदेश २०२२ पासून राज्यभर फिरत आहेत. फोन केला की पलीकडचा माणूस एखादं अॅप घ्यायला लावतो, दहा-वीस रुपये भरायला सांगतो आणि खातं धुऊन नेतो. सासूबाईंनी चष्मा सापडेना म्हणून फोन माझ्याकडे आणला, त्यावर निभावलं. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. "आज रात्री" असं त्यात कुठेच नाही. खासगी मोबाइल नंबरावरून आलेला असा संदेश खोटाच समजा आणि शंका असेल तर १९१२ वर विचारा.

गावाकडे एकटे राहणारे आई-वडील असतील तर पुढच्या फोनमध्ये त्यांना एवढं समजावून सांगा, आणि त्यांच्या बिलावर कोणाचा नंबर आहे तेही विचारून घ्या.