टाकीला आच लावण्याआधी

अगं, ट्रॅक्टरच्या गळक्या डिझेल टाकीला वेल्डर उद्या सकाळी येऊन जागेवरच टाका मारून देतो म्हणाला ना? त्याला आजच नको म्हणून कळव. उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. ट्रॅक्टर तुझा आहे, तेव्हा काम कसं करायचं तेही तूच सांगायचं.

डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, म्हणून माणसं निर्धास्त राहतात. पण वेल्डिंगच्या कामात भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी. कितीही उपसलं तरी जोडाच्या खाचेत, गंजाच्या पापुद्र्याखाली डिझेल उरतंच. बाहेरून आच लागली की त्याची वाफ होते, आतल्या हवेत मिसळते आणि पेटली की टाकी फुटते, तीही वर वाकलेल्या माणसाच्या तोंडासमोर. आपल्या देशाच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी पडली तर वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान 35 अंश सेल्सियस ठरवलंय. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतसुद्धा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीचं काय होत असेल, तूच विचार कर.

आधी गळतंय कुठून ते नक्की करू. डिझेल एकीकडून पाझरतं आणि ओघळत जाऊन भलतीकडेच टपकतं. टाकी, कॉक, नळ्या सगळं चिंधीने कोरडं पुसून घे आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरव. तासाभरात ओला डाग उमटेल, तिथेच खोट. पुष्कळदा कॉकचा वायसर किंवा नळीचा नट निघतो आणि टाकी काढायची वेळच येत नाही. मात्र इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या बारीक नळ्यांवर बोट फिरवू नकोस हं. तिथली फवार कातडी भेदून आत शिरते. जखम टिचभर दिसते, पण ऑपरेशनची पाळी येते.

टाकीलाच भोक असेल आणि पेरणी अडली असेल, तर अंगाची साबणवडी भोकावर घट्ट घासून बसव. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, दिवस निभावून जातो. एम-सील लावायचं तर पत्रा खरवडून पूर्ण कोरडा हवा, ओलसर पत्र्यावर ते धरत नाही. पण हे दोन्ही तात्पुरतं. तुझी टाकी इंजिनाच्या डोक्यावर आहे, खाली तापलेला सायलेन्सर, तेव्हा यावर हंगाम काढू नकोस.

पक्कं काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिल्यांदा सोडव. डिझेल कॅनमध्ये काढून टाकी खाली उतरव आणि तिला आवळणाऱ्या पट्ट्याखालचा पत्रा नीट बघ. तिथे चिखल आणि ओल धरून राहते, गंज बहुधा तिथूनच लागतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघ. दोन-चार ठिकाणी आत गेलं तर डागडुजीच्या नादी लागू नकोस, सरळ दुसरी टाकी बघ. पत्रा शाबूत असेल तर गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि मूठभर जुने नट-बोल्ट आत घालून खळखळव. पाण्यावर तेलाचा तवंग येणं थांबेपर्यंत हे करत राहायचं. सगळे बोल्ट मोजून बाहेर काढ, बरं का.

एवढं धुऊनही वास गेला म्हणजे टाकी निर्धोक झाली असं धरू नकोस. बारीक भोक बुजवायला तर ज्योतीची गरजच नसते. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे ने, तो तापवलेल्या डाखणीने डाख देईल. चीर मोठी असेल आणि गॅस वेल्डिंगशिवाय इलाज नसेल, तर चिरेची बाजू वर करून टाकीत पाणी भरायचं, चिरेखाली जेमतेम बोटभर जागा ठेवायची, आणि टोपण, कॉकचं भोक यांपैकी जे वर येईल ते उघडंच ठेवायचं. आत वाफेला जागा कमी आणि बाहेर पडायला वाट मोकळी. याला तयार नसेल त्या मिस्त्रीकडून काम करून घेऊच नकोस, मग तो कितीही जुना आणि नात्यातला असो.

काम झाल्यावर टाकीत पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेव. कंप्रेसरची हवा नको, पत्रा फुगतो. मग उन्हात खडखडीत वाळव, थोड्या डिझेलने विसळ आणि बसव. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला नाही तर घाबरू नकोस, लाइनमध्ये हवा धरलेली असते. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला कर, फीड पंपाची मूठ दाबत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळ. फिल्टर त्याच वेळी नवा टाक, सुटलेला गंज त्यातच अडकतो.

आणि आजपासून काम संपलं की टाकी संध्याकाळीच भरत जा. अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि टाकी आतून खातं. पहिले काही दिवस फिल्टरखालच्या काचेच्या वाटीवर नजर ठेव. तळाशी पाणी किंवा तांबूस गाळ दिसला तर वाटी धू, आणि पुन्हा दिसला तर मला फोन कर.