चवदार तळ्याचा दावा आणि आपली न्यायव्यवस्था

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या खानदेशातही घरोघरी ऐकू येते. परंतु परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतका शहाणा माणूस एकाच दाव्यात जवळजवळ दहा वर्षे प्रतिवादी म्हणून उभा राहिला. महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. त्याच तळ्याचा कोर्टातील लढा मात्र पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसतो. खालचे न्यायालय, वरचे न्यायालय, अपील म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्याहून चांगला धडा नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी १२ डिसेंबरला तेथील दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. हजारो लोक जमलेले असतानाही बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही आणि तळ्यावर जाणे तहकूब केले. हुकूम अन्यायाचा वाटला तरी तो कोर्टातच उठवायचा, हा त्यांचा मार्ग.

८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपिलात गेले. तेथेही १९३३ च्या जानेवारीत ते हरले. मग मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी ते अपील फेटाळले. (१९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा देणारे ते हेच ब्रूमफिल्ड.)

पण हा निकाल कशावर लागला, ते नीट पाहिले पाहिजे. अस्पृश्यता अन्यायाची आहे, म्हणून नव्हे. तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादि वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही, म्हणून. ती शाबीत झाली असती तर? त्या काळी न्यायाधीशांच्या हाती मूलभूत हक्कांचे एकही कलम नव्हते. वहिवाट हाच कायदा ठरू शकत होता.

२६ जानेवारी १९५० नंतर हा प्रश्नच उलटला. अनुच्छेद १३ प्रमाणे मूलभूत हक्कांविरुद्धची रूढी कितीही जुनी असली तरी रद्दबातल आहे. अनुच्छेद १५ ने विहिरी, तलाव, स्नानघाट सर्वांना खुले केले आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. हक्क मोडला तर अनुच्छेद ३२ नुसार सरळ सर्वोच्च न्यायालयात जाता येते. या अनुच्छेदाला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा आत्मा म्हटले. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयातही दाद मागता येते.

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये वेगळी आणि प्रत्येक राज्याची वेगळी, अशा दोन उतरंडी आहेत. बाबासाहेब तेथे शिकले होते, त्यांना ती पद्धत माहीत होती. आपल्याकडे मात्र एकच अखंड न्यायव्यवस्था ठेवली आहे. कायदा दिल्लीचा असो की मुंबईचा, न्यायालय तेच. १९३७ च्या ऑक्टोबरात दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले, तरी शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जात असे. १९५० मध्ये त्या जागी आपले सर्वोच्च न्यायालय आले.

आता आपल्या पिंप्राळ्यातील माणसाचे उदाहरण घेऊ. जमिनीचा दावा जळगावच्या दिवाणी न्यायाधीशांकडे चालला आणि विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करायचे. त्यापुढे ९० दिवसांत उच्च न्यायालय, म्हणजे जळगाव-धुळ्यासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील खंडपीठ. तेथे दुसऱ्या अपिलात साक्षीपुरावे पुन्हा तपासत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ऐकतात. म्हणून पुरावा पहिल्याच कोर्टात भक्कम हवा. निकालाची नक्कल लगेच मागावी. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण अर्ज न करता घरी बसलेले दिवस वगळत नाहीत. चांगली माणसे येथेच हरतात.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील (१९८९) खटला मात्र विशेष न्यायालयात चालतो आणि त्याचे अपील उच्च न्यायालयात होते.

१९३७ च्याच ३१ जुलैला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते व लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी त्या दिवशी तेथे जमणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जणांना हे माहीत असेल की वकिलाची फी नाही म्हणून हक्क सोडण्याचे आज कारण उरलेले नाही? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत स्थान मिळाले आहे. जातीचा दाखला जोडून जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा.