फेंडर लायनर उतरवायची रीत

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईत ठाकूर व्हिलेजपासून चारकोपपर्यंत सोसायट्यांच्या आवारात गाड्या धुवायची लगबग असते. बॉनेट लखलखते, टायर काळेभोर होतात. पण चार महिन्यांचा चिखल जिथे खरा साचतो तिथे हे पाणी पोचतच नाही. पुढच्या चाकावर काळ्या प्लास्टिकचे आवरण असते, तो फेंडर लायनर. पोयसर नदीच्या काठच्या रस्त्यांवरचा गाळ, काँक्रिटीकरणाची सिमेंटमिश्रित धूळ, पर्जन्यवृक्षाची कुजकी पाने, सगळे त्याच्या मागे जाऊन बसते. ओला गाळ पत्र्याला चिकटून राहिला, त्यात खाडीकडची खारी हवा, की फेंडर आतून गंजतो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आतला पत्रा खाऊन झालेला असतो. म्हणून पावसाळा सरल्यावर वर्षातून एकदा लायनर उतरवावाच, असे मी आग्रहाने सांगतो.

दुरुस्तीतही याची गरज वारंवार पडते. फॉग लॅम्पचा बल्ब, काचेवर पाणी मारणारी टाकी आणि तिची मोटर, आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या बेल्टची पुली: अनेक छोट्या गाड्यांत यांच्यापर्यंत हात पोचतो तो चाकाच्या बाजूनेच. नुसता बल्ब बदलायचा असेल तर चाक काढायचीही गरज नाही. डावा दिवा असेल तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा, उजवा असेल तर डावीकडे. टायरची पुढची कड आत जाते, तेवढ्या जागेत बंपरजवळच्या तीन-चार क्लिपा काढून लायनर मागे दुमडता येतो.

पूर्ण उतरवायचा तर आधी जागा बघा. पोडियमचा रॅम्प नको, सपाट फरशी हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक रुततो, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. इग्निशन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच धरतो, तरी मागच्या चाकांना लाकडी ओंडक्याची उटी लावा. वीट लावू नका, ती फुटते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावा. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर हात-डोके आत घालू नका. घोडी (जॅक स्टँड) लावा, आणि काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्या हातावर नाही.

आता क्लिपा. इथेच सगळी घाई नडते. आधी प्रत्येक क्लिपेवर पाणी मारून जुन्या टूथब्रशने माती काढा, कारण माती भरलेली क्लिप सुटत नाही, तुटते. मग ती कोणत्या जातीची आहे ते नीट बघा. मधली पिन टोपीसारखी थोडी वर असेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आधी पिन उचला आणि नंतर अख्खी क्लिप ओढा. मधे गुळगुळीत गोल खळगा असेल तर उलटे करायचे: बारीक टोकाने पिन जरा आत दाबा, टक् असा आवाज येतो, मग क्लिप अलगद निघते. जास्त दाबली तर पिन आतच पडते. मधे फुलीची खाच असेल तर स्क्रूप्रमाणे फिरवा. नुसतीच गरगर फिरत राहिली तर टोपीखाली दुसरा स्क्रू ड्रायव्हर घालून उचलता उचलता फिरवा. शिवाय बंपरच्या खाली आणि मडफ्लॅपजवळ बहुधा आठ किंवा दहाच्या पान्याचे बोल्ट असतात, काही युरोपी गाड्यांत चांदणीच्या आकाराचे स्क्रू. एका पुठ्ठ्यावर चाकाची कमान काढा आणि जी क्लिप जिथून निघाली तिथेच टोचून ठेवा. मोबाइलवर फोटोही काढा.

सगळे सुटल्यावर लायनर ओढू नका. त्याची कड फेंडरच्या ओठाआड आणि बंपरच्या आत अडकलेली असते. वरचा मधला भाग तळहाताने आत दाबून वाकवा, आधी मागची बाजू खाली घ्या, मग पुढची. अडला तर एखादी क्लिप राहिली आहे असेच समजा.

आत हात घालण्याआधी रबरी हातमोजे घाला. हा सल्ला मुंबईकरांनी हसण्यावारी नेऊ नये. या पोकळीत उंदीर घर करतात, आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो ओल्या चिखलातून हातावरच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. सुका कचरा झाडून उडवू नका, भिजवून उचला. वायरी कुरतडल्या आहेत का बघा. विजेवरच्या गाडीत नारिंगी वायरीला बोटही लावू नका.

गाळ साध्या पाइपने धुवा, जोराचा फवारा वायरींच्या जोडांवर नको. फेंडर आणि दाराखालची पट्टी जिथे मिळतात तो कोपरा बोटाने चाचपून पाहा, गंज तिथूनच सुरू होतो. पाणी निचऱ्याचे भोक बुजले असेल तर मऊ तारेने मोकळे करा. गंज आढळला तर तारेच्या ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, मगच झिंक प्रायमर मारा. ओल्या पत्र्यावर मारलेले काळे कोटिंग गंज झाकते आणि आत वाढू देते. चाक निघालेच आहे तर ॲक्सलच्या रबरी बुटाला चीर आणि शॉकॲब्सॉर्बरवर तेल आहे का, तेही बघून घ्या.

तुटलेल्या क्लिपा अंदाजाने आणू नका. जुनी क्लिप घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा. भोकाचा व्यास एक मिलिमीटरने चुकला तरी क्लिप गळते किंवा लायनर फाटतो. दोन-चार जास्तीच्या घ्या. लायनरच फाटला असेल आणि गाडी जुनी असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेला मिळू शकतो.

बसवताना आधी लायनरची कड फेंडरच्या ओठाआड सारा, वरची क्लिप लावा, मग बंपरची बाजू, शेवटी खालचे बोल्ट. सगळे जागेवर आल्यावरच घट्ट करा. आत दाबून काढलेल्या क्लिपेची पिन आधी मागून ढकलून वर आणावी लागते, नंतर क्लिप भोकात घालून पिन टोपीला समतल दाबायची. एकही क्लिप गाळू नका: सुटलेली कड वाऱ्याने फडफडते आणि हायवेवर टायरला घासून फाटते.

चाक चढवा, गाडी खाली घ्या, नट फुलीच्या क्रमाने आवळा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कुठे घासत नाही ना, ते ऐका. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.