शरीराच्या घड्याळाची रातपाळी

लालबाग-परळला गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या पिढीला रातपाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दिवसा झोप लागायची नाही, रात्री साच्यापुढे डोळे मिटायचे, भूक अवेळी लागायची, पोट बिघडायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता त्याच घरांतली नातवंडे कंपनीच्या कामासाठी लंडन-न्यूयॉर्कच्या वाऱ्या करतात आणि हीच तक्रार घेऊन परततात. तिचे नाव जेट लॅग.

असे का होते? आपल्या मेंदूच्या तळाशी एक लहानसे केंद्र आहे. तेच शरीराचे घड्याळ. झोप, भूक, शरीराचे तापमान त्याच्या तालावर चालते. पेशींतले हे घड्याळ कसे चालते, याच्या शोधाबद्दल हॉल, रोझबॅश व यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मनगटावरचे घड्याळ विमानात क्षणात फिरवता येते. हे घड्याळ मात्र मुख्यतः उजेडावर लागते आणि दिवसाला साधारण तासभरच सरकते. त्यातही पश्चिमेला जाण्यापेक्षा पूर्वेकडे परतणे बहुतेकांना जड जाते.

येथे एक चूक हमखास होते. हिवाळ्यात लंडनहून परतलेला माणूस दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला शिवाजी पार्कला फेरी मारतो. त्या वेळी त्याच्या शरीरात रात्रीचा दीड वाजलेला असतो. अशा वेळी मिळालेला उजेड घड्याळ उलट मागे ढकलतो. म्हणून पहिल्या दिवशी अकरानंतरचे ऊन घ्यावे आणि पुढे रोज तासभर अलीकडे यावे.

प्रवासात एवढे सांभाळा :

१. मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल, तर झोप-जेवण शक्यतो मुंबईच्या वेळेवर ठेवा.

२. मधल्या विमानतळावर चार-सहा तास थांबावे लागले, तर खुर्चीत बसून राहू नका. चाला, पाणी प्या, मद्य टाळा.

३. दिवसा डुलकी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. उतरल्या दिवशी गाडी चालवू नका, मोठा करारही करू नका.

४. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परतताना आखूड होतो. इन्शुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत.

५. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ती बसून आलेली सूज समजून तेल चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो.

पाळी बदलली की गिरणीतला माणूसही पहिले दोन दिवस जपून काम करी. परदेशाहून परतलेल्यानेही तेवढी सवड शरीराला द्यावी.