जलपर्णीपासून कंपोस्ट व वैरण

अकोला शहरातून वाहणारी मोर्णा नदी जलपर्णीने झाकली गेली होती. जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांनी श्रमदानाने ती बाहेर काढली. अशा श्रमांचे चीज व्हावयाचे असेल, तर काढलेल्या जलपर्णीची विल्हेवाटही वेळीच लावली पाहिजे. काठावर पडून राहिलेली जलपर्णी पुराबरोबर पुन्हा पात्रात जाते व तिच्या तुटक्या धुमाऱ्यांपासूनही नवी झाडे होतात.

मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती पाण्यातील नत्र, स्फुरद व पालाश शोषून झपाट्याने वाढते. अनुकूल हवामानात सुमारे दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होते. शेतांतून वाहून गेलेले अन्नांशही तिच्यात साठतात. कंपोस्ट केल्यास ते शेतास परत मिळतात.

कंपोस्ट : जलपर्णीत शेकडा ९० हून अधिक पाणी असते. ओलीच रचल्यास ती सडून दुर्गंधी सुटते. म्हणून प्रथम दोन-तीन दिवस उन्हात सुकवावी. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या कापूस-तुरीच्या गावी पऱ्हाटी व कुटार घरचेच असते. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करावेत. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे विकसित केलेल्या पद्धतीप्रमाणे ३ फुटांहून अधिक खोल नसलेल्या खड्ड्यात काडीकचरा, जलपर्णी, शेणकाला व थोडी माती यांचे थर द्यावेत. पंधरा दिवसांनी, एक महिन्याने व दोन महिन्यांनी खत वरखाली करावे. सुमारे तीन महिन्यांत ते तयार होते.

वैरण : केवळ स्वच्छ पाण्यातील जलपर्णी जनावरांस द्यावी. मुळे काढून टाकावीत, पाने धुऊन सुकवावीत व कडबा-कुटारात थोड्या प्रमाणात मिसळावीत. केवळ जलपर्णीवर जनावर पोसू नये. पाण्यानेच पोट भरते व पोषण होत नाही.

सावधगिरी : ही वनस्पती सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. म्हणून शहराच्या सांडपाण्यातील जलपर्णी वैरणीस वापरू नये. कारखान्याच्या सांडपाण्यातील खतासही घेऊ नये.

जलपर्णी फुलावर येण्यापूर्वीच काढावी, कारण तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी श्रमदानाचा दिवस ठरविण्यापूर्वी खड्डे खणून, पऱ्हाटी व शेण जमवून ठेवावे.