धुवणाच्या पाण्यातील निकेल

सायकलचे हँडल चकाकते ते त्यावरील निकेल-क्रोमिअमच्या पातळ थरामुळे. मुलामा देताना हँडल निकेलच्या द्रावणातून बाहेर काढले की त्याच्या अंगाला थोडे द्रावण चिकटून येते. मग ते पाण्याने धुतात. हे हिरवट पाणी गटारात सोडले तर त्याबरोबर किती धातू जातो? चला, हिशेब करून पाहू.

निकेलच्या नेहमीच्या द्रावणात दर लिटरमध्ये सुमारे ७५ ग्रॅम निकेल असते. समजा, १ चौरस मीटर पृष्ठभागावर ०.१ मिलिमीटर जाडीचा ओला थर चिकटला. त्याचे आकारमान १०० घनसेंटिमीटर भरेल. म्हणजे त्यात ७.५ ग्रॅम निकेल आले. आता मुलाम्यात किती बसले? थर १० मायक्रॉनचा धरला, तर त्याचे आकारमान १० घनसेंटिमीटर. निकेलची घनता ८.९, म्हणून वजन ८९ ग्रॅम. म्हणजे हँडलवर बसलेल्या दर बारा ग्रॅमांमागे जवळजवळ एक ग्रॅम निकेल धुवणात गेले! निकेल महाग धातू आहे, आणि त्याचे क्षार ओढ्यात गेले तर माशांना घातक ठरतात.

मग ते परत कसे मिळवावे? अल्क घातले तर निकेल हायड्रॉक्साइडचा साका खाली बसतो. पाणी सुधारते, पण त्या गाळात तांबे, लोह, क्रोमिअम असे सारेच एकत्र आले की ते वेगळे करणे जिकिरीचे होते. विद्युत्‌विच्छेदन केले तर? फॅराडेच्या नियमानुसार ९६,५०० कूलोम विद्युत्‌भाराने २९.३५ ग्रॅम निकेल ऋणाग्रावर बसावे. परंतु द्रावण विरल असले की ऋणाग्राजवळचे आयन चटकन संपतात, दूरचे वेळेवर पोचत नाहीत, आणि पुष्कळशी वीज नुसता हायड्रोजन सोडण्यात खर्च होते.

तेव्हा खरी मेख विरलतेत आहे. मला सर्वांत आवडते ती युक्ती अगदी साधी आहे. धुवणाची एकच टाकी ठेवून चिकटलेले द्रावण हजारपट विरल करायचे, तर त्या १०० घनसेंटिमीटरांसाठी १०० लिटर पाणी हवे. त्याऐवजी दोन टाक्या ठेवा. हँडल पहिलीतून दुसरीत जाईल, आणि ताजे पाणी दुसरीत पडून तिथून पहिलीत येईल. प्रत्येक टाकीत सुमारे ३२ पट विरलता आली तरी पुरे, कारण ३२ × ३२ म्हणजे १,०२४. पाणी लागेल अवघे ३.२ लिटर! मुलाम्याचे द्रावण ५०-६० अंश सेल्सिअसला तापलेले असते, त्यातले पाणी सतत उडून जाते. ती तूट पहिल्या टाकीतल्या पाण्याने भरून काढता येते. मात्र त्याबरोबर मळही परत येतो, म्हणून द्रावण अधूनमधून गाळून शुद्ध करावे लागते.

कारखान्याचे पाणी प्रयोगासाठी कधीही आणू नका. पिवळे क्रोमिअमयुक्त पाणी विषारी असते, आणि चांदीच्या मुलाम्याच्या सायनाइडयुक्त पाण्यात आम्ल पडले तर प्राणघातक वायू निघतो. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली २.५ ग्रॅम मोरचूद १०० घनसेंटिमीटर पाण्यात विरघळवा आणि त्यात घासून तोललेला लोखंडी खिळा टाका. निळा रंग गेल्यावर खिळ्यावरचे तांबे खरवडून काढा, खिळा वाळवून पुन्हा तोला. त्या मोरचुदात तांबे ०.६४ ग्रॅम असते. खिळा किती हलका व्हायला हवा, ते तांबे ६३.५ व लोह ५५.८ या अणुभारांवरून आधीच काढून ठेवा.